दुसरी चावी

आमच्या गावात कुलूप सहसा कुणी बदलत नाही. खाऱ्या वाऱ्यानं गंज चढतो, चावी फिरेनाशी होते, मग खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडायचे. तरीही अडून बसलं तर अलिबागला नेऊन आतली पट्टी घासून आणायची. पण कुलूप तेच ठेवायचं. मुंबईकडच्या लोकांना यात चिकटपणा दिसतो. दिसेना का, त्यांना आमच्या घरात कुठं राहायचंय.

कारण साधं आहे. प्रत्येक कुलपाला दोन चाव्या असतात. एक घरच्या बाईच्या कमरेला आणि दुसरी मुंबईला नोकरीला असेल त्याच्या करदोड्याला. पावसात लावणीच्या दिवसांत आणि पुढं कापणीला सगळा गाव खाचरांत असतो, घरं दिवसभर बंद. अशा वेळी दुपारच्या बोटीनं आलेल्या घरच्या माणसानं पाहुण्यासारखं पायरीवर ताटकळत का बसावं? त्यानं आपल्या हातानं आपलं दार उघडावं, चुलीवरची पेज वाढून घ्यावी आणि पाय पसरून निजावं, म्हणून ही दुसरी चावी. कुलूप बदललं की ती चावी मेली.

म्हणून कुलूप बदलायची वेळ तीनच कारणांनी येते. भावाभावांत वाटण्या झाल्या तर. दुसरी चावी ज्याच्याकडे होती तो माणूस वारला तर. नाहीतर बापानं मुलाला घराबाहेर काढलं तर. हे तिसरं कारण प्रत्यक्षात क्वचित घडायचं, पण धमकी प्रत्येक बापाच्या तोंडात असायची. पोरगा फार बोलायला लागला की बाप नुसतं म्हणायचा, कुलूप बदलीन, की पोरगा मान खाली घालून बसायचा. शिवीपेक्षा हे लागायचं.

मी कोकिळा. सत्तेचाळीसच्या माघात लग्न होऊन या आळीत आले. त्याच माघात शेजारच्या भागोजीकाकांचा दादू बोहल्यावर चढला आणि त्यांच्या घरी जनी आली. दोघी एकदमच परक्या घरात पडलो, म्हणून आमचं लगेच जमलं. विहिरीवर एक कळशी भरायला आम्हाला अर्धा तास लागायचा, आणि माझी सासू सोनूबाई पडवीतून ओरडायची की विहिरीचं पाणी आटलं काय गं. तेव्हापासून तिचे डोळे आणि कान दोन्ही उतरणीला लागले होते, जीभ मात्र शाबूत होती.

दादू मुंबईला गोदीत कामाला होता. पोरगा चांगला होता, पण कुढा. मनात एक आलं की ते तोंडातून बाहेर यायला महिना जायचा, आणि आलं की भलत्याच वेळी यायचं. तसंच शिमग्यात झालं. जनीला मुंबईला नेतो, खोली बघितलीय, असं तो होळीपुढं सगळ्या गावादेखत, थोडी घेऊन, बापाला म्हणाला. भागोजीकाका म्हणजे कामाला वाघ आणि रागालाही. लावणीला हात कमी होते, थोरल्या पोरीचं लग्न होऊन गेलं होतं, सून आली ती शेतासाठीच अशी त्यांची समजूत. ते म्हणाले, बायको हवी तर हितं ये. दादू म्हणाला, न्हेनारच. तेव्हा काका बोलून गेले, "पुन्यांदा ह्यो शबूद काढलास तर कुलूप बदलीन." दादू सकाळी उठून धक्क्याकडं निघून गेला. जनीनं त्याला खालच्या आडाच्या वळणापर्यंत सोडलं, आणि करदोड्याची चावी चाचपून बघितली का, असं मी तिला थट्टेनं विचारलं होतं ते मला आठवतं.

त्या आखाडात दिव्याच्या अवसेला मुंबईहून रेवसला यायला निघालेली बोट बुडाली. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना मी वेगळं काय सांगू? आमच्या गावची तीन माणसं त्यात होती असं धरलं गेलं. त्यातली दोन सापडली. तिसरा दादू. त्याच्या खोलीतला आमच्याच गावचा अनंता सांगत आला, की त्या सकाळी दादू ट्रंक घेऊन निघाला, कुठं म्हणून विचारलं तर म्हणाला, जातो. अवसेला सगळे गावीच जातात, त्यात दुसरं काय धरायचं?

भागोजीकाका मांडव्यापासून सासवणे, आवास, किहीम, थळ असं करत अलिबागपर्यंत किनाऱ्याच्या पुळणीनं चालत गेले. भर पावसात, इरलंसुद्धा न घेता. माझा नवरा बरोबर होता. परत आल्यावर तो दोन दिवस जेवला नाही. त्यानं मला एवढंच सांगितलं, की लाटांनी टाकलेल्या माणसांना चेहरे उरले नव्हते, त्यामुळं काका प्रत्येकाची कंबर बघत होते. करदोड्याला चावी आहे का ते बघायचे, नसली की त्या माणसावर वाळू सारून पुढं जायचे. एकाच्या करदोड्याला चावी निघाली. काकांनी ती घरून बरोबर आणलेल्या चावीशी जुळवून पाहिली. जुळली नाही. माझा नवरा म्हणतो, त्या वेळी काका हसले, आणि तसं हसणं त्यानं पुन्हा कधी ऐकलं नाही.

बाकीच्या दोन घरांनी तेराव्या दिवशी कुलपं बदलली. जुनी खाडीत सोडून दिली, नवी लावली, आणि जगायला लागली. भागोजीकाकांच्या घराला मात्र तेच जुनं, मुठीएवढं लोखंडी कुलूप राहिलं. दादूच्या आईनं, बायजाकाकींनी, हात लावू दिला नाही.

"तुमी म्हनालाव कुलूप बदलीन, आन् पोरगा गेला. आता खरंच बदला, म्हंजे तो यायचाच न्हाय."

रागाच्या भरात तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही, आणि बाई तर रोज तो समोर ठेवत होती. हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची अशी रीत आहे, काकी तेवढं धरून बसल्या. बारा वर्षं झाली की पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळा, तोवर माझा दादू मेला असं कुणी म्हणायचं नाही. दर आखाडात त्या कुलपात तेल सोडायच्या, चावी घालून दहादा फिरवून बघायच्या. बाहेरून येणाऱ्याला त्रास नको.

यात कुणी जनीचा विचार केला नाही. मी सुद्धा नाही. रागावून हे म्हणते ते आज. तेव्हा आम्ही सगळे काकींच्या रडण्याकडंच बघत होतो. जनी तेव्हा सतरा-अठरा वर्षांची असेल. कपाळाला कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, आणि नवरा नाही. सवाष्ण म्हणावी तर ओटी भरायला कुणी बोलवायचं नाही, काय जाणो खरंच गेला असला तर. विधवा म्हणावी तर तिच्या बांगड्या वाजायच्या, त्याही लोकांना खुपायच्या. सणाला ती घरातच राहायला शिकली. शेतात मात्र तिला सगळे बोलवायचे, तिथं कपाळ कुणी बघत नाही.

एकदा विहिरीवर ती मला म्हणाली, "कोकिळा, मी रांडाव झाले असते तर बरं झालं असतं गं. निदान कुनी बसायला जागा तरी दावली असती."

मी तिला गप्प केलं. असलं अभद्र बोलू नये म्हणाले. ती बिचारी लगेच कळशी डोक्यावर घेऊन गेली.

अशी वर्षं गेली. त्रेपन्नच्या वैशाखात बुधाजीच्या पोरीचं लग्न होतं. बुधाजी म्हणजे आमच्या गावचे पंच, सगळा गाव मांडवात. हळदीच्या वेळी गर्दीत कुणीतरी ताट जनीच्या हातात दिलं, नवऱ्या मुलीपर्यंत पोचवायला. बुधाजीची बहीण मधेच उठली, ताट तिच्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, आधी तू कोन हायेस ते ठरव, मग हळदीला हात लाव. बाई हसत हसत म्हणाली, म्हणून आणखी वाईट. जनी मांडवाबाहेर गेली. भागोजीकाका दारात सुपाऱ्या कातरत बसले होते, त्यांनी सगळं ऐकलं. हातातला अडकित्ता त्यांनी खाली ठेवला आणि तेही उठून गेले.

त्याच महिन्यात पोयनाडकडचा रावजी विचारायला आला. बायको बाळंतपणात गेलेली, मागं एक लहान मुलगी, भाताच्या गिरणीवर कामाला. आमच्यात पाट लागतो, विधवेचं दुसरं लग्न, त्याला कुणी नावं ठेवत नाही. रावजी सरळ माणूस. म्हणाला, मला घाई नाही, पण तुमच्याकडून काय ते स्पष्ट कळू द्या. स्पष्ट सांगायला आधी दादू मेला असं म्हणायला हवं होतं, आणि तसं म्हणायला कुलूप बदलायला हवं होतं.

नवरा-बायकोचं त्यावरून आठवडाभर चाललं. भिंत एकच, त्यामुळं आम्हाला सगळं ऐकू यायचं. काकी म्हणायच्या, अजून अर्धी वर्षं राहिलीत, सहा वर्षांचं काय एवढं. काका म्हणायचे, तेवढ्यात पोरीचं आयुष्य सरेल, मग काय तिला पुतळ्याबरोबर जाळायची? काकी म्हणायच्या, तो आला आणि दार उघडलं नाही तर? काका म्हणायचे, बुडालेला माणूस दार उघडायला येतो का. मग काकी रडायच्या, आणि काका बाहेर पडवीत येऊन बसायचे. जनी मागल्या दारी भांडी घासत असायची. तिला कुणी काही विचारलं नाही.

शेवटी पंच बसले. बुधाजी म्हणाले, बोट बुडाली हे सगळ्या मुलखाला ठाऊक आहे. हा काही रस्ता चुकलेला माणूस नव्हे, बारा वर्षांची रीत याला लागत नाही, भागोजीनं ठरवावं. पण ज्याला ठरवायचं होतं त्याला झोप नव्हती. एक दिवस सकाळी काका उठले, काकींच्या समोर उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या तोंडानं गेला. आता माझ्या हातानं दार बंद करतो. पोरीला मोकळी करूया."

काकींनी कमरेची चावी सोडून जमिनीवर ठेवली. मी शेजारच्या दारात उभी होते. काकांनी ती वाकून उचलली.

पुतळा जाळला. जनीच्या बांगड्या फुटल्या, त्या दिवशी ती पहिल्यांदा मोकळेपणानं रडली, आणि मला वाटतं ते दुःखच नव्हतं सगळं. तेराव्या दिवशी काकांनी जुनं कुलूप आणि काकींची चावी खाडीत सोडली. अलिबागहून पितळी कुलूप आणलं होतं. पंच म्हणाले, कुणा पोराला लावायला सांगा, काका म्हणाले, नाही. जुना कोयंडाही खिळखिळा झाला होता, तो काढून त्यांनी नवा ठोकला. हातोडीचे घाव आळीभर ऐकू येत होते, आणि आमची म्हातारी पडवीतून विचारत होती की हे कोण ठोकतंय. मी ओरडून सांगितलं, भागोजीकाका, स्वतः कुलूप बसवतायत.

नव्या कुलपालाही दोन चाव्या होत्या. एक काकींच्या कमरेला गेली, दुसरी फडताळात खिळ्याला टांगली. तिला घ्यायला माणूस नव्हतं.

ज्येष्ठात जनीचा रावजीशी पाट लागला. भागोजीकाकांनी तिला मुलीसारखी पाठवली, काकींनी तिच्या ओटीत तांदूळ घातले आणि आत निघून गेल्या. पुढच्या वर्षभरात जनी दोनदा येऊन गेली. अंगानं भरली होती. रावजीची मुलगी तिचा पदर सोडत नव्हती. चोपन्नच्या चैत्रात कळलं, तिला दिवस गेलेत. त्या दिवशी काकींनी घरात गोड केलं. मला वाटलं, झालं, आता या घराचं बूड टेकलं.

तो चोपन्नचाच आखाड. लावणी ऐन रंगात होती. आळीतलं एकही माणूस घरी नव्हतं, फक्त आमची म्हातारी पडवीत गोधडी घेऊन बसली होती. दिवस मावळताना आम्ही चिखलानं भरलेले परत आलो. भागोजीकाका पुढं होते. ते पायरीवर चढले आणि तिथंच थांबले. काकी मागून विचारत होत्या की काय झालं, चावी घ्या ना. काका बाजूला झाले नाहीत.

पितळी कुलूप जसंच्या तसं बंद होतं. आणि कडीत, काळ्या करदोड्याच्या तुकड्यानं बांधलेली, एक जुनी लोखंडी चावी लोंबत होती.

काकींनी ती ओळखली, काकांनी ओळखली, मीही ओळखली. दादू लहान असताना त्या चावीच्या डोक्याला काकांनी खूण म्हणून कानशीनं खाच पाडली होती. ती खाच तिथं होती. पायरीवर चिखलाची पावलं होती, एका माणसाची. कुलपाच्या भोकाभोवती नवे ओरखडे होते. त्यानं बराच वेळ फिरवून बघितलेलं दिसत होतं.

माझा नवरा धावत आमच्या पडवीत गेला. म्हातारीला गदागदा हलवून विचारलं, कुणी आलं होतं का. म्हातारी म्हणाली, आलं होतं ना. दुपारी एक बाप्या आला होता. दाढीवाला, खांद्याला पिशवी. तिला वाटलं बैलांचा दलाल असेल. तो शेजारच्या दाराशी खुडबुड करत होता, म्हणून तिनं हटकलं. मग तो तिच्याजवळ आला आणि मोठ्यानं विचारलं, हे कुलूप नवं दिसतं, कुणी बदललं? ती म्हणाली, भागोजीनं. सोताच्या हातानं बसवलं. मग त्यानं विचारलं, आणि सून? ती म्हणाली, तिला पाट लावून दिली. मग त्यानं पाणी मागितलं. ती म्हणाली, रांजणात आहे, घे. तो पाणी प्यायला. कुठून आलास विचारलं तर म्हणाला, लांबून, जहाजावर होतो. आणि परत त्या दाराशी जाऊन उभा राहिला, मग गेला.

नंतर आळीतल्या लोकांनी आमच्या म्हातारीला काय काय बोलून घेतलं. मी त्या प्रत्येकाशी भांडले, आजही भांडीन. तिला जे विचारलं तेवढं तिनं सांगितलं. एकही शब्द खोटा नव्हता. तिला धड दिसत नव्हतं, धड ऐकू येत नव्हतं, आणि वर्षभरापूर्वी पुतळा जाळलेला माणूस आपल्यापुढं उभा आहे असं तिनं का म्हणून समजावं? एवढंच होतं तर त्यानं तिसरं काहीतरी विचारायचं. बापाला हाक मारायची. खाचरं काय दहा कोसांवर होती? आणि इतक्या वर्षांत एक कार्ड टाकायला कुणी हात धरले होते? लिहिता येत नव्हतं तर जहाजावर लिहिणारे पुष्कळ असतात. मला त्याचा फार राग येतो, आणि मग होळीपुढचा त्याचा चेहरा आठवतो की राग निघून जातो.

कारण त्याला काय वाटलं असेल ते आम्हाला कुणालाच कुणी समजावून सांगायला नको होतं. आमच्या गावचाच तो. बोटीचं त्याला माहीतच नसावं. तो बोटीत चढलाच नव्हता. हे पुढं काका मुंबईला जाऊन डोंगरीतल्या खलाशांच्या खानावळीतून शोधून आले: दादू भागोजी नावाचा माणूस त्या अवसेला सकाळी ट्रंक घेऊन तिथं आला होता आणि बोट बुडाल्याची बातमी मुंबईत पोचायच्या आत, दुपारीच जहाजावर गेला होता. अनंताला म्हणाला 'जातो', तेव्हा तो त्या खानावळीकडंच निघाला होता. इथं आपण मेलो, आपल्यासाठी बापानं पुळणीवर परक्यांच्या कमरा चाचपल्या, हे त्याच्या कानावर कधी गेलंच नाही. त्याला एकच ठाऊक होतं, की बाप म्हणाला होता कुलूप बदलीन. आणि आला तेव्हा कुलूप बदललेलं होतं, बापानं स्वतःच्या हातानं, आणि बायकोही दुसऱ्याला देऊन टाकली होती. घराबाहेर काढलेला मुलगा काय करतो? चावी परत करतो आणि जातो. त्यानं अगदी रीतीप्रमाणं केलं.

काका तसेच चिखलाच्या पायांनी अलिबागला धावले. माझा नवरा त्यांच्या मागून गेला. एस.टी. निघून गेली होती. पनवेलकडं जाणाऱ्या गाडीत दाढीवाला चढल्याचं कुणी सांगितलं, कुणी म्हणालं रेवदंड्याच्या बाजूला पायी गेला. काकांनी पुढचे दोन महिने शेत वाऱ्यावर टाकून शोध केला. गोदी, धक्के, खलाशांच्या खोल्या, सगळं पालथं घातलं. दादू मिळाला नाही. आजतागायत नाही.

श्रावण सरताना ते थकून परत आले तेव्हा त्यांनी काकींना सांगितलं, की खाडीत गाळात शोधून बघतो, नाहीतर लोहाराकडून त्या चावीला जुळेल असं कुलूप घडवून आणतो. तेच पूर्वीसारखं दाराला लावू. परत आला तर उघडेल. मी तिथंच होते, भाकऱ्या घेऊन गेले होते. काकी फार हळू, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाल्या, "कुलूप आनाल तुमी. पन चावी तर हितं हाय. तो काय घेऊन येनार?"

काका खाली बसले. एवढ्या दिवसांत त्यांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. मी भाकऱ्या चुलीपाशी ठेवल्या. काका म्हणाले, मग निदान जनीला तरी कळवायला हवं. तो जिवंत आहे. तिचा नवरा आहे.

तेव्हा काकी उठल्या. सहा वर्षं जिनं पोराच्या नावानं जनीचं आयुष्य दाराबाहेर उभं ठेवलं होतं, ती बाई म्हणाली, "न्हाय. तिला सांगायचं न्हाय. पहिला जिता हाय कळलं तर पाट मोडंल, पोटातल्या पोराला लोक काय म्हनतील? माझं एक गेलं. तिचं जाऊ देनार न्हाय." आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, कोकिळा, तुझ्या म्हातारीलाही तोंड बंद ठेवायला सांग. मी मान डोलावली. तेवढा एक शहाणपणा आमच्या आळीनं केला. इतक्या तोंडांची आळी, पण ही गोष्ट पोयनाडला गेली नाही.

त्या दिवसापासून काकींनी दाराला कुलूप घातलं नाही. शेतात गेल्या तरी नाही. पितळी कुलूप उघडंच कडीत अडकवलेलं असायचं, दार नुसतं लोटलेलं. घरात कुत्रं शिरायचं, एकदा भाताचं पोतं गेलं. काकी म्हणायच्या, जाऊ दे.

भादव्यात जनीला मुलगी झाली. पौषात ती बाळाला घेऊन आली, रावजी आणि त्याची थोरली मुलगी बरोबर. आम्ही सगळे मळणी आटपून खळ्यावरून परत येत होतो, तर ती आमच्या आधीच घरात शिरून चूल पेटवून बसली होती. सासूवर रागावली, पहिल्यांदाच. म्हणाली, दार असं सताड टाकून जाता, म्हातारपणी काय झालंय तुम्हाला, कुणी गळा कापून गेलं तर? काकी म्हणाल्या, आमच्याकडं न्यायला काय आहे. जनी ऐकेना. तिनं स्वतः काकींच्या कमरेची चावी मागून घेतली, कुलूप लावून, उघडून बघितलं. मग फडताळात टांगलेली दुसरी चावी तिच्या नजरेला पडली.

ती खाली काढून तिनं पदरानं पुसली. थोडी घुटमळली. मग काकांना म्हणाली, "ही मी नेऊ? तुमचं दूर राहनारं आता मीच एक हाय. मला माहेर न्हाय दुसरं."

तिचे आईबाप लहानपणीच गेले होते, चुलत्यानं लग्न लावून दिलं होतं, हे खरंच होतं. भागोजीकाका बाळाकडं बघत बसले. रावजी दारात उभा होता, त्याला वाटलं म्हाताऱ्याला आवडलं नाही, म्हणून तो म्हणाला, राहू दे गं, ती घरच्या मुलाची असते. तेव्हा बायजाकाकींनी पुढं होऊन चावी जनीच्या हातातून घेतली, आपल्या जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी फाडून तिच्यात ओवली, आणि जनीच्या कमरेला बांधली. गाठ घट्ट बसली का ते ओढून बघितलं.

जनी त्यांच्या गळ्यात पडून रडली. काकीही रडल्या, इतक्या की बाळ दचकून उठलं आणि रावजीची थोरली त्याला थोपटायला लागली. जनीला वाटलं, आपल्याला घर मिळालं म्हणून सासूला भरून आलं. मी पाठ फिरवून चुलीतली लाकडं पुढं सारत राहिले, आणि मनातल्या मनात आमच्या गावच्या सगळ्या बापांना, सगळ्या कुलपांना शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी खळ्यावर जाताना काकींनी दाराला कुलूप लावलं. आता ते उघडून आत येणारं माणूस होतं.